डाळिंबाला भोक कुणी पाडलं? सुरसा की पतंग, आणि पतंग असेल तर कोणता

आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी फुलोऱ्यावर येणारी, डाळिंबं पावसाळ्यात रंगात येतात आणि नेमकी तेव्हाच आमच्या आटपाडीकडे बागेत गळ दिसायला लागते. फळ उचलावं तर त्याला भोक. लगेच दुकानदाराला फोन, "अळीचं औषध द्या", आणि संध्याकाळी फवारणी. भोक अळीचं असेल तर ठीक, पतंगाचं असेल तर पैसे पाण्यात.

सुरसाचं, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचं, भोक चांगलं मोठं असतं. तोंडाशी विष्ठा, घाण वास आणि फळ फोडलं की आत अळी दाणे खात बसलेली. नवल म्हणजे ही पतंगाची नाही, फुलपाखराची अळी. ते फुलपाखरू कळीवर, कोवळ्या फळावर अंडी घालून जातं. पतंगाचं भोक मात्र टाचणीनं टोचल्यासारखं. दाबलं की रस येतो, भोवती मऊ तपकिरी डाग पडतो, आणि आत अळी सापडतच नाही. इथं फळ टोचतो तो मोठा झालेला पतंगच. त्याच्या सोंडेचं टोक कडक, काटेरी असतं. फळ कुजतं ते त्या भोकातून शिरलेल्या बुरशीनं.

आता पतंग कोणता? रात्री बॅटरी घेऊन फिरा, त्याचे डोळे उजेडात चमकतात. बसलेला असताना मात्र तो वाळक्या पानासारखा दिसतो, आणि पुढच्या पंखांची नक्षी नर-मादीत वेगळी असते, तिच्यावर विसंबू नका. खूण मागच्या पंखांवर आहे. पतंगाच्या दोन जाती, त्यांत झळझळीत नारिंगी-पिवळा भाग दोन्हींचा, कडेची काळी पट्टीही दोन्हींची. मधोमध गोल काळा ठिपका असेल तर युडोसिमा मटेर्ना. ठिपक्याऐवजी स्वल्पविरामासारखा वाकडा काळा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया. पंख पसरले की फॅलोनिया ८ ते १० सेंटीमीटर भरतो.

नावांचा घोळ आहेच. शेतीच्या जुन्या पुस्तकांत हे दोघं 'ओथ्रिस' म्हणून भेटतात आणि नॉक्टुइडी कुळात बसवलेले असतात. आता प्रजाती (जीनस) युडोसिमा, कुळ इरेबिडी. दोघांचं पहिलं वर्णन सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसचंच, फॅलोनियाचं १७६३ सालचं, मटेर्नाचं १७६७ सालचं. तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नका, किडा तोच.

माझं मत विचाराल तर ठिपका गोल की वाकडा यावर बागायतदारानं रात्र जागवू नये. दोघांच्याही अळ्या डाळिंबावर नसतातच, त्या गुळवेल आणि वासनवेलीची पानं खातात. म्हणजे झाडावर अळीचं औषध मारून त्या मरणार कशा? सुरसासाठी फुलोऱ्यापासून लक्ष ठेवा, किडकी फळं वेचून नष्ट करा. पतंगासाठी बांधावरच्या या वेली काढा, रात्री जाळीनं पतंग धरा आणि फळं पिकायच्या आत पिशव्या चढवा. लवकर चढवल्या तर सुरसाही अडते, खर्च एकच.

अडचण घरातूनच येते. काढ्यासाठी आईनं कुंपणावर गुळवेल चढवली आहे, ती उपटायची हिंमत माझी अजून झालेली नाही. सध्या पानं उलटी करून अळ्या वेचतो. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके असतात, ओळखायला सोप्या.