क्लॉक ड्रायव्हर: सीमॉस, बायपोलर की दोन्ही?

१० मेगाहर्ट्झचा स्वच्छ सायन (साइन लहरीचा) संदर्भ हाताशी आहे, त्याचा चौकोनी क्लॉक (सगळ्या चिपांना ताल देणारा संकेत) करून तो एडीसी (अॅनालॉगचे डिजिटल करणारी चिप), एफपीजीए (हवी तशी जोडता येणारी डिजिटल चिप) आणि एखाद्या पीएलएलला (संदर्भाशी जुळून दुसरी वारंवारता देणाऱ्या मंडलाला) पुरवायचा आहे, पण मधला ड्रायव्हर कशाचा करावा हे ठरत नाही. भोसरी-चिंचवड परिसरातील लहान उपकरणनिर्माते आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी या पेचात हमखास सापडतात. पर्याय तीन आहेत: सगळे काम सीमॉस इन्व्हर्टरवर (मॉस ट्रान्झिस्टरांच्या, संकेत उलटा करणाऱ्या गेटवर) सोपवणे, सगळे बायपोलर डिफरन्शियल जोडीवर (दोन प्रवेशांतला फरक पाहणाऱ्या साध्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर) उभारणे, किंवा पहिला टप्पा बायपोलर आणि शेवटचा सीमॉस ठेवणे. माझा कौल तिसऱ्याला आहे, मात्र त्याची एक अट आहे आणि ती पाळता येत नसेल तर त्या खटाटोपात न पडलेले बरे.

निवड करण्याआधी एक साधे गणित करून घ्यावे. १ व्होल्ट शिखराचा १० मेगाहर्ट्झ सायन शून्य ओलांडताना नॅनोसेकंदाला जेमतेम ६३ मिलीव्होल्ट चढतो. त्या क्षणी ड्रायव्हरच्या प्रवेशाशी ५० मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉइज असेल, तर कडा ०.८ पिकोसेकंदाने पुढेमागे होते. हाच नॉइज नॅनोसेकंदाला १ व्होल्ट चढणाऱ्या कडेवर बसला, तर हे डळमळणे ०.०५ पिकोसेकंदावर येते. म्हणजे जिटरचा, अर्थात कडेच्या या डळमळण्याचा, निकाल बहुतांशी पहिल्याच टप्प्यात लागतो. १ पिकोसेकंद ही रक्कम किरकोळ नाही, कारण ७० मेगाहर्ट्झचा संकेत घेणाऱ्या १४ बिटांच्या एडीसीचे संकेत-नॉइज गुणोत्तर तेवढ्या जिटरमुळे ६७ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही आणि तो व्यवहारात ११ बिटांचा उरतो.

सीमॉस इन्व्हर्टर स्वस्त आहे, स्थिर अवस्थेत जवळजवळ वीज खात नाही आणि पूर्ण झेप घेणारा क्लॉक थेट देतो. त्याची दुबळी बाजू अशी की त्याचा उंबरठा (ज्या व्होल्टतेला तो पलटतो ती) पुरवठ्याच्या निम्म्यावर असतो. पुरवठा सावकाश हलला तर रेझिस्टरने स्वतःच बायस केलेला (स्थिर बिंदूवर बसवलेला) इन्व्हर्टर त्याचा पाठलाग करतो, पण शेजारच्या गेटांच्या खडखडाटाचा पाठलाग कपलिंग कपॅसिटरमुळे त्याला जमत नाही. तिथे १ मिलीव्होल्टचा नॉइज उंबरठा अर्ध्या मिलीव्होल्टने सरकवतो आणि आपल्या मंद सायनवर त्याचे ८ पिकोसेकंद होतात. शिवाय सीमॉस प्रत्येक कडेला विद्युतप्रवाहाचा झटका ओढतो. ५ नॅनोहेन्रीच्या पायातून (चिपच्या पिनमधून) एका नॅनोसेकंदात २० मिलीअँपिअर बदलले, की त्या चिपची जमीन (ग्राउंड) १०० मिलीव्होल्टने उडते, आणि त्याच बोर्डावरच्या एडीसीला ते सोसावे लागते.

बायपोलर जोडीत उंबरठा दोन बेसमधल्या फरकाने ठरतो, त्यामुळे पुरवठा त्या हिशेबात जवळपास येतच नाही. सामान्य तापमानाला सुमारे १०० मिलीव्होल्टच्या फरकात सगळा प्रवाह एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, एकूण प्रवाह मात्र तेवढाच राहतो. फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेला वाढत जाणारा नॉइज) मॉसच्या तुलनेत बराच कमी असतो, आणि संदर्भ गुणून वर न्यायचा असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो, कारण १० मेगाहर्ट्झचा १ गिगाहर्ट्झ केला की फेज नॉइज (वारंवारतेच्या आसपास पसरलेला जिटरचाच नॉइज) ४० डेसिबलने वाढतो. पुणे जिल्ह्यातच, खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एकाच संदर्भाशी जुळवून ठेवाव्या लागतात. अशा ठिकाणी वाहकाच्या (मूळ वारंवारतेच्या) अगदी लगतचा नॉइज डोळ्याआड करून चालत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. बेसमधून प्रवाह वाहत असल्याने ही जोडी ५० ओहमसारख्या कमी प्रतिबाधेच्या स्रोतावरच खुलते, तर नुसत्या क्रिस्टलवर ऑसिलेटर उभारायचा असेल तिथे सीमॉस इन्व्हर्टरच उजवा. विजेचा हिशेबही आहे: एलव्हीपीईसीएल या बायपोलर डिफरन्शियल पद्धतीची एक जोडी नेहमीच्या टर्मिनेशनसह (तारेच्या टोकाच्या रेझिस्टरांसह) सुमारे २८ मिलीअँपिअर सतत खाते.

मिश्र रचनेचा तोल इथे कळतो. बायपोलर टप्प्याने कडा तीव्र करून दिली, की पुढच्या सीमॉसचा उंबरठा थोडा हलला तरी त्याची फारशी झळ बसत नाही. उरतो तो त्याचा विलंब, जो पुरवठा एक टक्का बदलला की साधारण तेवढ्याच टक्क्याने बदलतो. ३.३ व्होल्टवर १ नॅनोसेकंद विलंब धरला, तर १ मिलीव्होल्टमागे ०.३ पिकोसेकंद होतात, आणि आधीच्या ८ पिकोसेकंदांसमोर ही फार मोठी कमाई आहे. खरी किंमत मोजावी लागते ती बायपोलर आणि सीमॉस यांच्या सांध्यावर. बायपोलरची ४०० मिलीव्होल्टची झेप ३.३ व्होल्टवर नेणारा टप्पा ढिला राहिला, तर मिळवलेली तीव्रता तिथेच सांडते. म्हणून अट अशी की हा सांधा आणि त्यामागचे सीमॉस यांना स्वतंत्र, शांत रेग्युलेटर द्यावा. एफपीजीएच्या आय-ओ पुरवठ्यावर ते बसवायचे असतील तर मिश्र रचनेचा आग्रह सोडावा. आणि घेणारा भाग डिफरन्शियल प्रवेश स्वीकारत असेल, जसे बहुतेक वेगवान एडीसी स्वीकारतात, तर सीमॉसमध्ये उतरण्याचे कारणच उरत नाही.

एकाच सिलिकॉनवर बायपोलर आणि सीमॉस दोन्ही हवे असतील तर बायसीमॉस हे तंत्र आहे. १९९३चा पहिला पेन्टियम प्रोसेसर त्यातच घडला होता, पण त्या काळच्या बायसीमॉस गेटांत बायपोलरच्या पायी वरखाली सुमारे ०.७ व्होल्ट वाया जात, आणि पुरवठा खाली येत गेला तसे ते गेट परवडेनासे झाले. आज ते तंत्र टिकून आहे ते मुख्यतः सिलिकॉन-जर्मेनियमच्या रूपात, अॅनालॉग आणि रेडिओच्या कामात.

सुट्या भागांतून करणाऱ्याने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणून जोडी केली, तरी १० मेगाहर्ट्झला ती पुरते. मात्र दोन्ही एकमेकांना चिकटवून बसवावेत, कारण एका अंशाच्या फरकाने बेस-एमिटर व्होल्टता २ मिलीव्होल्ट सरकते आणि कडा ३२ पिकोसेकंदांनी ढळते. हे जिटर नव्हे, सावकाश होणारे विचलन आहे, पण ड्यूटी सायकल (क्लॉक किती वेळ वर आणि किती वेळ खाली राहतो ते प्रमाण) जपायची असेल तर ते खुपते. आणि हाती असलेला सीमॉस ड्रायव्हर मोडीत काढण्यापूर्वी तो एकदा बॅटरीवर चालवून फेज नॉइज मोजावा: ५० आणि १०० हर्ट्झवरची शिंगे (घरच्या विजेमुळे आलेखावर उठणारी टोके) आणि त्यांच्यासोबत जिटरही खाली आला, तर बदलायचा आहे तो रेग्युलेटर, ट्रान्झिस्टर नव्हे.