ब्रेक बॅलन्सच्या नावाखाली विकलेली रिकामी टाकी

२०२४ च्या पावसाळ्यात मी एका अनोळखी विक्रेत्याकडून संगणकावरील मोटार शर्यतीच्या खेळासाठी ‘तयार ब्रेक बॅलन्स’ (ब्रेकचे बळ पुढच्या आणि मागच्या चाकांत कसे वाटायचे याचा आकडा) १,४९९ रुपयांना विकत घेतला आणि ते पैसे परत मिळवण्याच्या नादात आणखी तेवढेच गमावले. रक्कम फार मोठी नाही, हे मला मान्य आहे. परंतु मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मगच मोजमाप घ्यावे हे तिथे नव्याने आलेल्या मुलांना मीच शिकवतो, आणि तरीही मी नेमका याच ठिकाणी फसलो, याची बोच पैशांपेक्षा जास्त आहे.

खेळ होता ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीने तो २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला आणि त्यात जीटी३ या शर्यतीच्या वर्गातील गाड्या खऱ्याच्या फार जवळ जाणाऱ्या वागणुकीने चालतात. मी बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ चालवतो आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, ओळखीच्या वीसेक जणांबरोबर अर्ध्या तासाची शर्यत खेळतो. त्या महिन्यात शर्यत इटलीतील मोंझाला होती. ५.७९३ किलोमीटरच्या या ट्रॅकवर सुरुवातीच्या लांब सरळ रस्त्यानंतर पहिली शिकेन, म्हणजे लागोपाठची दोन अरुंद वळणे, येते आणि तिथे ताशी अडीचशेच्या वरचा वेग काही सेकंदांत शंभराच्या खाली आणावा लागतो. मी तिथे प्रत्येक फेरीत थोडा लवकर ब्रेक दाबत होतो, वळताना गाडीचे नाक आत येत नव्हते आणि माझा लॅप, म्हणजे एका फेरीची वेळ, १ मिनिट ५१ सेकंदांच्या खाली उतरत नव्हता.

विक्रेत्याने नेमके हेच हेरले. खेळाच्या चॅट-समूहात मी माझी अडचण लिहिली होती. त्यानंतर तासाभरात त्याचा खासगी निरोप आला. माझ्या गाडीचा ब्रेक बॅलन्स चुकीचा आहे, आपण व्यावसायिक चालकांसाठी सेटअप, म्हणजे गाडीच्या सगळ्या जुळवणीची फाइल, तयार करतो आणि आपल्या फाइलने पहिल्याच दिवशी किमान अर्धा सेकंद कमी होईल, न झाल्यास पैसे परत, असे त्याचे म्हणणे होते. भाषा अत्यंत नम्र होती. मला तो पहिल्यापासून ‘सर’ म्हणत होता.

ब्रेक बॅलन्स म्हणजे काय, हे इथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक त्याच्याच आडोशाने झाली. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो. समजा १,३०० किलोची गाडी आहे, तिचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर निम्मे-निम्मे आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आहे आणि दोन्ही आसांमधील अंतर २.६ मीटर आहे. अशा गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाइतक्या दराने कमी होत असताना सुमारे २२५ किलो भार मागून पुढे जातो; म्हणजे पुढच्या चाकांवर ८७५ आणि मागच्या चाकांवर अवघा ४२५ किलो उरतो. म्हणूनच ब्रेकचे जास्त बळ पुढे द्यावे लागते. ते गरजेपेक्षा जास्त पुढे दिले तर पुढच्या टायरांची सगळी पकड ब्रेक लावण्यातच खर्च होते आणि गाडी वळायला तयार होत नाही. फार मागे नेले तर वळणात शिरताना मागचा भाग बाजूला सरकू लागतो. शिवाय मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेग उतरताना इंजिनही मागच्याच चाकांना रोखत असते. या खेळात पडद्यावर दिसणारा आकडा पुढच्या ब्रेकचा टक्का असतो आणि तो धावत्या गाडीतही बदलता येतो. चांगले चालक शर्यतीत टाकी रिकामी होत जाईल, टायर झिजतील, तसा तो एकेक पायरी हलवत राहतात. थोडक्यात, ज्याला ‘तयार ब्रेक बॅलन्स’ म्हणून विकता येईल असा एक आकडा मुळात अस्तित्वातच नसतो. पण हे शहाणपण मला पैसे दिल्यानंतर आले.

पैसे पाठवताच फाइल आली. मी ती गाडीच्या आणि ट्रॅकच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, सेटअप उघडला, सरावाला उतरलो आणि तिसऱ्याच फेरीला १ मिनिट ५०.२ सेकंदांची वेळ आली. पहिल्या शिकेनला नाक आपोआप आत वळत होते. गाडी हलकी वाटत होती, आणि हा शब्द मी त्या रात्री विक्रेत्याला लिहिलेल्या आभाराच्या निरोपात खरोखरच वापरला होता: ‘गाडी एकदम हलकी वाटते.’ त्याने हात जोडल्याची खूण पाठवली आणि माझ्या लॅपची चित्रफीत मागितली. मी ती आनंदाने दिली.

शनिवारी शर्यतीपूर्वी मी सवयीप्रमाणे इंधनाच्या पानावर जाऊन ६२ लिटर भरले. आधी तिथे किती आकडा होता, याकडे माझे लक्ष गेले नाही; अर्ध्या तासाला तेवढे पुरते हे ठाऊक असल्याने बोट आपोआप चालले. दुसऱ्याच फेरीत पहिल्या शिकेनला गाडीचा मागचा भाग सुटला आणि मी गरकन फिरून मागून येणाऱ्या दोघांसमोर आडवा झालो. सातव्या फेरीत अस्कारी वळणांत शिरताना पुन्हा तेच झाले. मी सतराव्या क्रमांकावर आलो.

विक्रेत्याला कळवले तर त्याने उत्तर दिले, ‘सर, ब्रेक बॅलन्स मायनस तीन करून बघा.’ इथे मला पहिल्यांदा शंका आली. उणे पाच ते अधिक पाच अशी मोजपट्टी ‘ग्रान तुरिस्मो ७’ मध्ये असते, आणि तिथे उणे म्हणजे पुढे व अधिक म्हणजे मागे. आमच्या खेळात सरळ टक्के असतात आणि उण्याचा प्रश्नच येत नाही. जो माणूस व्यावसायिकांसाठी सेटअप तयार करतो असे सांगतो, त्याला आपण कोणत्या खेळाची फाइल विकली हेही आठवत नव्हते.

रविवारी भाचा घरी आला होता. तो संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या खेळाच्या सेटअपच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि त्या नोटपॅडमध्ये उघडता येतात, हे त्याने मला सांगितले. खेळात प्रत्येक गाडीसोबत मिळणारा ‘अग्रेसिव्ह’ नावाचा तयार सेटअप मी दुसऱ्या नावाने जतन केला आणि त्याने दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवल्या. स्प्रिंगा तशाच, पंखाचा कोन तसाच, डॅम्पर तसेच. फरक तीनच ठिकाणी होता. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरचा दाब एका पायरीने बदलला होता, बहुधा फाइल वेगळी दिसावी एवढ्यासाठी. ब्रेकचा टक्का सुमारे अडीचने मागे नेला होता. आणि टाकीत ९ लिटर इंधन होते. भाचा हसून म्हणाला, ‘मामा, गाडी तुझीच आहे रे, फक्त टाकी रिकामी आहे.’

मी सराव नेहमी ६२ लिटर भरून करत असे. फरक ५३ लिटरचा, म्हणजे जवळपास ४० किलोंचा. त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या सेटअपमध्ये, ब्रेकला हातही न लावता, फक्त ९ लिटर ठेवून, टाकी संपत आली की पुन्हा तेवढेच भरून, दहा फेऱ्या मारल्या. सर्वांत चांगली वेळ आली १ मिनिट ५०.३ सेकंद. विकत घेतलेला अर्धा सेकंद माझ्याच टाकीतून काढून मला विकला गेला होता. मागे सरकवलेल्या ब्रेकने नाक आत वळते हे खरे. ती अनुभूती ग्राहकाला पहिल्या दोन फेऱ्यांत पटवण्यापुरती होती, आणि वेळ मात्र वजनाने कमी झाली होती. विक्रेत्याने दोन गोष्टी एकत्र बदलल्या, नाव एकीचेच सांगितले, आणि मी एकदाही दुसरी तपासली नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो लिहायलाही लाज वाटते. मी पैसे परत मागितले. त्याने लगेच होकार दिला आणि यूपीआयवर १,४९९ रुपयांची विनंती पाठवून ‘रिफंड स्वीकारण्यासाठी पिन टाका’ असे लिहिले. आकडा तोच असल्याने मी पिन टाकला आणि पैसे खात्यात येण्याऐवजी गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो फक्त पैसे देण्यासाठी असतो. मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चॅटची छायाचित्रे व व्यवहाराचे क्रमांक दिले. पण व्यवहार होऊन तीन दिवस उलटून गेले होते. पहिल्याच तासात फोन केला असता तर पैसे पुढे सरकण्याआधी ते खाते गोठवले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते, असे तिथे सांगण्यात आले.

कोणाला सेटअप विकत घ्यायचाच असेल तर त्याने फाइल नोटपॅडमध्ये उघडून इंधनाचा आकडा आधी पाहावा, खेळातील तयार सेटअपशी ती ताडून पाहावी, आणि आपण शर्यतीत जेवढे भरतो तेवढेच इंधन भरून जुन्या व नव्या सेटअपने किमान दहा-दहा फेऱ्या माराव्यात. तो विक्रेता आता दुसऱ्या नावाने वावरतो आहे. गेल्या आठवड्यात एका मित्राला त्याची जाहिरात आली, आणि तिच्यात ‘पुण्यातील समाधानी ग्राहक’ म्हणून लावलेली चित्रफीत माझीच आहे. ती नीट पाहिली तर पडद्याच्या कोपऱ्यात गाडीतील उरलेले इंधन दिसते, आणि अंतिम रेषा ओलांडताना तो आकडा एक लिटरच्याही खाली गेलेला आहे.