अनियमित क्रियापदांसाठी पुठ्ठ्याची पेटी, नऊ महिने वापरून झाल्यावर

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सी शिफ्ट संपली की सकाळच्या मीटिंगमध्ये रात्री काय काय झालं ते उभं राहून इंग्रजीत सांगावं लागतं, आणि त्याआधी तेच लॉगबुकात लिहावं लागतं. म्हणजे माझ्या वाट्याचं इंग्रजी जवळजवळ सगळं भूतकाळातलं. काय तुटलं, काय सापडलं, काय आणलं, लाइन कधी चालू झाली. नेमकी ही क्रियापदं शेवटी ‘ईडी’ जोडून भागत नाहीत. ब्रेकचं ब्रोक होतं, फाइंडचं फाउंड, ब्रिंगचं ब्रॉट.

गेल्या वर्षी मे महिन्यात एकदा ‘स्टोअरमधून सील आणलं’ हे सांगताना माझ्या तोंडून ब्रॉटऐवजी बॉट गेलं. परचेसच्या साहेबांनी तिथेच विचारलं, कुणाच्या परवानगीने विकत घेतलं आणि बिल कुठे आहे? खुलासा करण्यात वेळ गेला आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा गरम का होतंय हा खरा मुद्दा राहूनच गेला. बेअरिंगचं कारण मला माहीत होतं. ते सांगता आलं नाही, हे मला फार लागलं. जूनमध्ये मी पेटी बनवली, आता मार्च चालू आहे.

पेटी म्हणजे बुटांचा खोका. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पाच कप्पे केले. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची: कागद जाड असतो, पाठ कोरी असते, एका पत्रिकेतून चार सहज निघतात. पद्धत माझी नव्हे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७२ मध्ये ती जर्मन भाषेत मांडली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा मी रोज काढतो, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने. त्यामुळे जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते सुटत नाही. राजगुरुनगरहून कंपनीची बस धरतो, त्या दिवशीची कार्डं रबर लावून शर्टाच्या खिशात.

पहिले दोन महिने मात्र वाया गेले, आणि ते का गेले हे सविस्तर सांगायला हवं. मी कार्डाच्या एका बाजूला ‘फाइंड’ लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला ‘फाउंड-फाउंड’. जुलैअखेर चाळीसच्या चाळीस कार्डं चौथ्या-पाचव्या कप्प्यात पोचली आणि मीटिंगमध्ये मी तरीही ‘वी फाइंडेड’ म्हणालो. शाळेत हेच झालं होतं. आमच्या मराठी माध्यमात पाचवीपासून इंग्रजी. ‘गो-वेंट-गॉन’ पाढ्यासारखं एका सुरात म्हणून घ्यायचे. पाढ्यातलं मधलंच घर हवं असेल तर पहिल्यापासून म्हणत यावं लागतं, तसं वेंट हवं असलं की गोपासून निघावं लागायचं. मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात ‘फाइंड’ येतच नाही. डोक्यात येतं ‘सापडलं’. तिथून थेट ‘फाउंड’पर्यंतची वाट मी कधी चाललोच नव्हतो.

म्हणून ऑगस्टमध्ये सगळी कार्डं नव्याने लिहिली. पुढे मराठी वाक्य: ‘गाळणीत चुरा सापडला.’ मागे: ‘वी फाउंड चिप्स इन द फिल्टर.’ आणि उत्तर तोंडाने म्हणायचं, पुटपुटत का होईना. नुसतं मनात आलं तर कार्ड पुढे सरकत नाही, हा नियम मी स्वतःला लावून घेतला.

सप्टेंबरात प्रत्येक कार्डावर दुसरं वाक्य आलं, नकाराचं. मला सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलाने झाला. आपण मराठीत ‘सापडलं’ म्हणतो आणि ‘सापडलं नाही’ म्हणतो. नाही आलं तरी ‘सापडलं’ जागचं हलत नाही. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपावर परत जातं: ‘वी डिड नॉट फाइंड एनी लीकेज.’ आपण मराठीच्या सवयीने ‘डिड नॉट फाउंड’ म्हणून बसतो. प्रश्नातही तेच: ‘डिड यू फाइंड?’ तक्त्यात रूपं तीन असतात, पण दुसरं रूप फक्त होकारी वाक्यात लागतं, हे मला शाळेत कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

तक्त्यांचा क्रमही माझ्या मते चुकीचा. अकारविल्हे लावल्यामुळे सुरुवात अराइज-अरोज-अरिझनने होते. नऊ महिन्यांत मला ‘अरोज’ एकदाही लागलेलं नाही. माझं पहिलं कार्ड ‘से-सेड’चं आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारी क्रियापदं घ्या: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी. दहाच्या दहा अनियमित. हा योगायोग नाही. २००७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता: जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं संशोधकांनी घेतली, त्यांतली ९८ आजही अनियमित आहेत. बाकीची हळूहळू ‘ईडी’कडे गेली. ‘हेल्प’चं भूतकाळी रूप एके काळी ‘होल्प’ होतं, आज ‘हेल्प्ड’ आहे. जी रोज तोंडात होती ती टिकली, जी क्वचित लागायची ती सरळ झाली.

हे वाचल्यावर मला आपली मराठी आठवली. जा-गेला, कर-केला, ये-आला, हो-झाला, मर-मेला. आपलीही रोजचीच क्रियापदं वाकडी आहेत. माझी तीन वर्षांची भाची ‘मी करलं’ म्हणते. तिला कुणी तक्ता देत नाही. ‘केलं का? बरं झालं केलंस’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि वर्षभरात ते आपोआप सुधारतं. मला इंग्रजीत तसं घर नाही. म्हणून एकच वाक्य इतक्या वेळा कानावर पडण्याची सोय पेटीने करावी लागते.

क्रमाच्या जागी मी आवाजाचे गट केले. कट, पुट, शट, हिट ही न बदलणारी एकत्र. बेंड-बेंट, सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट एकत्र. कीप-केप्ट, फील-फेल्ट, स्लीप-स्लेप्ट एकत्र. बाय-बॉट आणि ब्रिंग-ब्रॉट मात्र मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी सुरू केली. दोन्ही एकाच दिवशी हाती घेतली की एकमेकांत गुंततात.

आमच्या कामाचे शब्द वेगळे आहेत आणि ते तयार यादीत अगदी खाली सापडतात. ग्राइंड-ग्राउंड. मोटर वाइंड केली तर वाउंड. बेल्ट झिजला तर वोर्न. व्हॉल्व्ह अडकला की आपण शॉप फ्लोअरवर मराठीतच ‘स्टक झालाय’ म्हणतो. तिसरं रूप आपल्याला आयतं मिळालेलं आहे. पण त्याच तोंडाने ‘शाफ्ट बेंड झालाय’ म्हणतो आणि मग रिपोर्टात ‘शाफ्ट इज बेंड’ लिहितो. तिथे ‘बेंट’ हवं. तिसऱ्या रूपाची कार्डं मी अशीच केली, वस्तूची अवस्था सांगणारी: शाफ्ट इज बेंट, सील इज टोर्न, फ्यूज इज ब्लोन. हॅव-हॅड घालून शिकण्यापेक्षा मला हे लवकर बसलं.

उणिवा आहेत. पेटी स्पेलिंग शिकवत नाही. ब्रॉट आणि कॉट कानाला सारखे, लिहिताना एकात ‘ओ’ आणि दुसऱ्यात ‘ए’. त्यासाठी मी रविवारी दहा वाक्यं वहीत लिहून काढतो. रीडचं भूतकाळी रूप लिहायला तेच आणि म्हणायला ‘रेड’, तिथे कार्डावर देवनागरीत उच्चार लिहावाच लागला. गणपतीत पाच दिवस गावी गेलो, परत आलो तेव्हा साठ कार्डं साचली होती. एका बैठकीत संपवायला गेलो आणि निम्मी चुकली. आता कितीही साचली तरी दिवसाला वीसच काढतो.

आज पेटीत ११२ कार्डं आहेत, पाचव्या कप्प्यात ७१. मीटिंगमध्ये अजून अडखळतो, पण ते टेन्सच्या मोठ्या वाक्यांत. ब्रोक, फाउंड, ब्रॉट, सेंट यांच्यासाठी थांबावं लागत नाही. जानेवारीत एकदा गिअरबॉक्सचं पूर्ण ब्रेकडाऊन मी कागदावर न बघता सांगितलं. त्यावर जे प्रश्न आले ते गिअरबॉक्सबद्दलच होते.

कामापुरतं इंग्रजी ज्यांना बोलावं लागतं त्यांनी ही पेटी जरूर करावी, फक्त वाक्यं स्वतःच्या कामाची घ्यावीत. परीक्षेत तिन्ही रूपं लिहायची असतील तर तक्ताच बरा.

पहिल्या कप्प्यात ऑक्टोबरपासून दोन कार्डं मुक्कामाला आहेत: लाय-ले-लेन, म्हणजे पडून असणं, आणि ले-लेड-लेड, म्हणजे ठेवणं. एकाचं दुसरं रूप दुसऱ्याचं पहिलं आहे. काल त्यांवर नवी वाक्यं लिहिली: ‘पाना रात्रभर जमिनीवर पडून होता’ आणि ‘मी पाना बाकावर ठेवला’. उद्या सकाळच्या बसमध्ये पहिली तीच काढणार आहे.