जामीन झाला होता पण माणूस आतच होता : जेलच्या गेटवर भेटलेल्या संस्थेचा अनुभव

कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना जामिनाच्या कामात मदत करणाऱ्या एका संस्थेबद्दल लिहितोय, नाव मात्र इथं टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हणलं. अख्ख्या जिल्ह्याला दोनच जणं, एक ताई आणि एक सर, जेलच्या गेटवर भेटणाऱ्यांचंच काम त्यांना उरकत नाही. पण अनुभव मी लिहिणार असं त्यांना सांगितलं होतं, कारण घरातला माणूस आत गेला की कुठं जावं हे कुणीच सांगत नाही, आणि आम्ही जे दोन महिने येड्यासारखे फिरलो ते दुसऱ्या कुणाला फिरावं लागू नये.

माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला जातो. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात, जमीन कोरडवाहू, दसरा झाला की निम्मं गाव टोळ्यांबरोबर कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावकडं. २०२२ ला एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि तिघांवर केस झाली त्यात ह्याचं नाव आलं. त्यानं केलं का नाही हे कोर्ट ठरवील, मी भाऊ आहे म्हणून इथं निकाल देणार नाही. तेव्हा जामीन झाला, तारखा चालू झाल्या. मग एक तारीख पडली डिसेंबरात, एक जानेवारीत, आणि हा तिकडं फडात, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, जोडीतला एक माणूस कोर्टासाठी निघाला की खाडा पडतो. नाही आला. वॉरंट निघालं. एप्रिलमध्ये टोळी गावात उतरली आणि चौथ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले.

वकील लावला, १२,००० दिले, मेच्या पहिल्या आठवड्यात जामीन मंजूर झाला. माय मारुतीला नारळ फोडून आली. आम्हाला वाटलं आज नाहीतर उद्या येतोय. पण आदेशात होतं २५,००० चा जामीनदार, आणि वकिलाचा फोन त्यानंतर लागायचाच बंद झाला.

जामीनदार म्हणजे काय हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत. सातबारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे, आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती. आमची जमीन सामायिक, त्यावर सोसायटीचा बोजा. गावात ज्याच्या दारात गेलो तो चहा पाजायचा आणि म्हणायचा, भाऊ जमिनीवर बोजा चढतो म्हणं, आमची पोरं नाय म्हणतेत. त्यांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. मग कोर्टाच्या आवारात एकजण भेटला, म्हणाला ८,००० द्या, माणूस मी आणतो, कागद मी आणतो. मी आडतीवर हिशोब लिहितो, महिन्याला एवढे सुटे पैसे नसतेत, आणि उद्या तो कागद खोटा निघाला तर भावावर अजून एक केस. नाही केलं.

ताई भेटल्या त्या जेलच्या गेटवर, कैद्यांना भेटायच्या मुलाखतीच्या रांगेत. माय, भावजय आणि मी, भावजयच्या हातात कागदांची कॅरीबॅग. ह्या बाई रांगेतल्या एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारायलेत आणि वहीत लिहायलेत. आम्हाला वाटलं जेलच्याच कर्मचारी. आमच्याजवळ आल्या आणि एकच विचारलं, “दादा, जामीन झालाय का? झाला असंल तर कोणत्या तारखेला?”

कुणी विचारलंच नव्हतं हे. सगळे विचारायचे काय केलं होतं त्यानं.

मी तारीख सांगितली. त्यांनी तिथंच बोटावर दिवस मोजले, ४१ निघाले. मग कॅरीबॅग मागितली, जमिनीवर बसल्या, एकेक कागद बाहेर काढून मांडीवर लावला आणि मला म्हणल्या, ह्यातला निम्मा कागद तुम्हाला लागणार नाही, आणि जो लागतो तो ह्यात नाही. जामिनाच्या आदेशाची नक्कलच आमच्याकडं नव्हती.

मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी लिहून घेतलं होतं, तसंच देतो. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सूचना दिल्यात की जामीन होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी ऑफिस) कळवायचं. महिनाभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून बघू शकतं की अटी कमी करता येतील का. जामीनदार शोधायला वेळ मिळावा म्हणून तात्पुरता जामीनही देता येतो. आणि जामीनदार त्याच भागातला पाहिजे ह्या अटीमुळं सुटका रखडत असेल तर ती अट घालू नये असंही त्यात आहे. हे नवीन नाहीये, १९७८ ला मोतीराम म्हणून एका गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याला १०,००० चा जामीन सांगितला होता आणि सख्ख्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार घेतलं नव्हतं. कोर्टानं त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदार न घेता त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. एवढ्या वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय आणि आम्ही ४१ दिवस सातबारे गोळा करत फिरायलो होतो!

दुसऱ्या दिवशी ताई आम्हाला लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे सरकारी खर्चानं आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलांकडं, घेऊन गेल्या. आम्हाला फुकटचा वकील म्हणलं की भीती वाटायची, फुकटचं म्हणजे कसंतरी असणार. पण जेलात असलेल्या माणसाला मोफत वकील हा कायद्यानं हक्क आहे, त्याचं उत्पन्न किती हेही विचारत नाहीत. तिथल्या मॅडमनी अर्ज केला, वॉरंट का निघालं ते लिहिलं, टोळीत होता ह्याला पुरावा म्हणून ताईंनी कारखान्याची कोयत्याच्या (ऊसतोडीच्या जोडीच्या) नावाची पावती जोडायला लावली. ही पावती भावजयनं पत्र्याच्या पेटीतून शोधून आणली, कडेला उसाचा रस लागून चिकट झालेली. कोर्टानं सहा आठवड्यांसाठी १०,००० रोख भरून जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं, तेवढ्यात जामीनदार द्यायचा.

पैसे संस्थेनं भरले नाहीत, हे स्पष्ट लिहितो म्हणजे कुणी त्या आशेनं जाऊ नये. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तेव्हा तिच्यात जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदत मिळू शकत होती, ताईंनी फॉर्मपण दाखवला, पण ते जिल्ह्याच्या समितीपुढं जातं आणि त्याला दिवस लागतात. आम्ही थांबलो नाही, आडतीच्या मालकांकडून उसने घेतले. भाऊ अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी संध्याकाळी बाहेर आला. वजन कमी झालेलं, आणि हातात पिशवी घट्ट धरलेली, घरी येईपर्यंत सोडली नाही. नंतर चुलत्याच्या सातबाऱ्यावर जामीनदारही झाला, तलाठ्याकडं काय मागायचं, कोणत्या खिडकीला काय म्हणायचं हे सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं म्हणून तीन चकरांत काम झालं.

आता जे आवडलं नाही तेपण. फोन उचलत नाहीत, दुपारी तर अजिबात नाही, कोर्टात असतात हे खरं पण आत माणूस असला की एक तास एका दिवसासारखा जातो. परत फोन करतो म्हणून दोनदा केला नाही. दुसरं म्हणजे सुटल्यानंतरची मदत फार कमी आहे. मुकादम तिसऱ्या दिवशी दारात, उचल फिटली नाही म्हणून, आणि गावात पोरांना कुणी काय बोललं ते भावजयनं मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. ताई एकदा घरी येऊन बसल्या, पोरांच्या शाळेचं विचारलं, मुकादमाचं मात्र आमच्या हातात नाही म्हणल्या. खरं बोलल्या, पण तिथं आम्ही एकटेच पडलो. दोन माणसांच्या पगारावर चालणाऱ्या संस्थेकडून किती अपेक्षा धरायची हे मला समजतं, तरी ह्या जागी कुणीतरी पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारात तीन जणांचा खटला अजून संपलेलाच नाही. ताई सांगत होत्या की जुलै २०२४ पासूनच्या नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम ४७९, पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत काढले की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस असल्या तर ते लागू नाही. पण दिवस मोजणार कोण? आतल्या माणसाला स्वतःचं कलम पाठ नसतं. त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं अटकेची तारीख, कलम आणि एक आकडा लिहिलेला आहे, तो आकडा त्या दर आठवड्याला बदलतात. मी ती वही बघितली आणि मला खरंच गलबलून आलं, कुणीतरी मोजतंय म्हणून.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक फोनचा कापला.

भावाची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे, ऐन हंगामात. ह्या वेळेला निघायच्या आधीच हजेरी माफीचा अर्ज द्यायचा आणि वकील मॅडमचा नंबर टोळीतल्या दोघातिघांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवायचा असं ठरलंय. हेपण ताईंनीच भावजयला शिकवलं, भावाला नाही, म्हणल्या हिच्या लक्षात राहील.

तुमच्याकडं अशी संस्था आहे का हे जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना अटकेची तारीख, कलम, कोर्टाचं नाव आणि जामीन झाला असेल तर तो कोणत्या दिवशी झाला हे कागदावर लिहून न्या. आधार दोन झेरॉक्स. सकाळी साडेदहाच्या आत जा, त्यानंतर ते कोर्टात निघून जातात.