बोटीवरचं दीडशे डॉलर क्रेडिट आम्ही कसं वापरलं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीत, आम्ही तिघं क्रूझला गेलो. मी, बायको आणि आई. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानानं सिंगापूर, आणि सिंगापूरहून चार रात्रींची बोट: पेनांग, फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि परत. खोली स्वच्छ होती. जेवणात रोज डाळ-भात आणि एक भारतीय भाजी मिळायची, त्यामुळं आईची आबाळ झाली नाही. घरून नेलेलं शेंगाचटणीचं सीलबंद पाकीट तिनं रोज जेवताना काढलं. बोटीला माझ्याकडून पाचपैकी चार. मला लिहायचंय ते ऑनबोर्ड क्रेडिटबद्दल, म्हणजे बोटीवर खर्चायला आपल्या खात्यावर आधीच जमा होणाऱ्या रकमेबद्दल. सोलापुरातून हल्ली बरेच जण या सफरीला निघतात आणि एजंट या क्रेडिटचं आमिष सगळ्यांनाच दाखवतो. बोटीचं नाव देत नाही, कारण नियम बहुतेक मोठ्या बोटींवर याच धर्तीचे असतात.

आमचं क्रेडिट खोलीमागं १५० डॉलर होतं. १०० एजंटकडून, ५० कंपनीच्या ऑफरमधून. मी डॉलर ८७ रुपये धरून चाललो होतो, म्हणजे १३,०५० रुपये. बोटीवर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर चढतो, क्रेडिट त्यातून वळतं होतं आणि वरचे पैसे शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून जातात. आमचं क्रेडिट नॉन-रिफंडेबल होतं. उतरताना जे उरेल ते बुडालं. एजंटला बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, कारण रिफंडेबल प्रकारही असतो आणि त्यात उरलेले पैसे परत मिळतात. कॅसिनोत आमचं क्रेडिट चालत नव्हतं, आम्हाला ते नकोही होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. त्या सवयीनं सांगतो, असं क्रेडिट हाती आलं की आधी बघायचं, चुकवता न येणारा खर्च कोणता? बोटीवर तो म्हणजे टिप. ग्रॅच्युइटी म्हणून माणशी रोज ठरलेली रक्कम खात्यावर आपोआप लागते. आमच्या बोटीवर ती १६ डॉलर होती. तिघांचे चार रात्रींचे १९२ डॉलर, म्हणजे साडेसोळा हजारांहून जास्त रुपये. ही टिप क्रेडिटमधून भागते. दीडशे डॉलर तिथं लावले असते तर खिशातून फक्त ४२ डॉलर गेले असते.

पण आमच्या एजंटनं न विचारता टिप पॅकेजमध्येच धरून रुपयांत आधी घेतली होती. सोय म्हणून केली असेल, मला मात्र ती महागात पडली. खिशातले साडेसोळा हजार गेलेच, वर दीडशे डॉलर आता नव्या खर्चावरच संपवणं भाग पडलं. हे मला पावती नीट वाचल्यावर कळलं, तोवर पैसे भरून झाले होते. तुम्ही बुकिंग करताना ‘टिप बोटीवर भरू’ असं स्पष्ट सांगा आणि ते लेखी घ्या.

लेखी घ्या म्हणतोय त्याला आणखी एक कारण आहे. बोटीवर चढल्यावर खोलीतल्या टीव्हीवर खातं उघडलं तर क्रेडिट ५० च दिसत होतं. एजंटकडचे १०० आलेच नव्हते. त्याच्या ईमेलचा प्रिंट माझ्या पिशवीत होता. गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर तो दाखवला आणि संध्याकाळपर्यंत रक्कम जमा झाली. तिघांची कार्डं एकाच खात्याला जोडली आहेत का, तेही तिथंच विचारून घेतलं. हे पहिल्याच दिवशी करा. शेवटच्या रात्री त्या काउंटरला रांग जिन्यापर्यंत जाते.

मग खर्चाला बसलो. पहिल्या दिवशी बोटीवरच्या, वेगळे पैसे देऊन जेवायच्या खास हॉटेलांवर सवलत असते, कारण त्या रात्री ती रिकामी असतात. इटालियन हॉटेलचा ३५ डॉलरचा दर माणशी २५ झाला होता. आम्ही दोघंच गेलो, आईनं नेहमीच्या डायनिंग हॉलमध्ये जेवून झोपणं पसंत केलं. ५० डॉलर आणि त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, झाले ५९. हा १८ टक्क्यांचा भार कॉफीपासून मसाजपर्यंत बऱ्याच गोष्टींवर चढतो आणि दरपत्रकावर छापलेल्या दरात तो धरलेला नसतो. क्रेडिट १५० असलं तरी अशा वस्तूंना ते साधारण १२७ डॉलरचंच समजायचं. जेवण उत्तम होतं. पंचवीस वर्षांत आम्ही दोघंच असे टेबलावर समोरासमोर किती वेळा बसलो, ते बायकोनं मोजून सांगितलं. ती संख्या लिहीत नाही.

पेनांगमध्ये क्रेडिट अजिबात वापरू नका. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते, आणि तिथून जॉर्ज टाउनचा जुना भाग, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेला, पायी गाठता येतो. लिटिल इंडियात तमिळ गाणी लागलेली, हारांची दुकानं, इडली-डोसा. बोटीची बससफर घेतली असती तर दोघांच्याच भाड्यात सगळं क्रेडिट गेलं असतं.

फुकेतला गोष्ट वेगळी. बोट पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकते आणि लहान नावेतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. बोटीची सहल घेतली तर नावेत आधी नंबर लागतो, आणि परतायला उशीर झाला तरी बोट थांबते. लांब फिरायचं असेल तर तिथं क्रेडिट घालणं शहाणपणाचं. आम्ही उतरलोच नाही. हलत्या नावेत पाय टाकणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

बंदराच्या दिवशी माणसं खाली उतरतात, स्पा ओस पडतो आणि दर उतरतात. पायांच्या मसाजचा त्या दिवशीचा दर होता ५९ डॉलर. आईनं अठ्ठावीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, सकाळी सहापासून मांडी घातलेली. आता उठताना भिंत धरते. तिला स्पा म्हणजे काय हे सांगितलं तर म्हणाली, “परक्या पोरीच्या हातात पाय द्यायचे? पाप लागंल मला.” बायकोनं समजूत घातली, “आई, पैसे आधीच भरलेत, परत मिळत नाहीत.” बुडणारे पैसे म्हटल्यावर ती उठली. बायको तिच्यासोबत आत बसली, मी बाहेर. अर्ध्या तासानं आई बाहेर आली ती भिंत न धरता. मसाज करणाऱ्या मुलीनं तिच्या घोट्यावरचे घट्टे बघून काय काम करत होता असं विचारलं, ते बायकोनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि त्या मुलीनं पाच मिनिटं जास्त पाय दाबले. सर्व्हिस चार्जसकट ६९.६२ डॉलर. बोटीवरची माझ्या मते सगळ्यात चांगली सेवा हीच.

हिशेबनीस म्हणून मी अजूनही म्हणेन की क्रेडिट टिपेला लावा. पण ते टिपेत गेलं असतं तर सहा हजार रुपये खिशातून काढून मी आईला तिथं नेलं असतं का? नसतं नेलं. ही गोष्ट मला बोटीवरही टोचली आणि आजही टोचते.

बाकीचं थोडक्यात. समुद्राच्या दिवशी २२ डॉलरचं एका दिवसाचं वायफाय घेतलं, पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या मुलीला आजीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून. तेच वायफाय निघण्याआधी घरबसल्या घेतलं तर स्वस्त पडतं, पण तिथं एजंटचं क्रेडिट लागू होत नाही. एक कॉफी ६.४९ डॉलर, ती टाळायला हवी होती. बोटीवरची दुकानं बंदरात बंद असतात, समुद्रात उघडतात, आणि शेवटच्या संध्याकाळी क्रेडिट बुडू नये म्हणून लोक घड्याळं आणि चॉकलेटं उचलत असतात. तिथं आम्ही पाय ठेवला नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी बिल उघडलं तर एकूण १८२.११ डॉलर. माझ्या वहीत १५७.११ होते. फरक २५ डॉलरचा, आणि कारण लिहिलं होतं: पोहण्याच्या तलावावरचा टॉवेल परत केला नाही. हा टॉवेल कार्डावर नोंदवून देतात. मी तो स्वतः परत दिला होता. निळ्या पट्ट्यांचा, साडेचारशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा, कडा नीट शिवलेला माल. हातात घेतल्यावर मी तो निरखून पाहिला होता, म्हणून विसरणं शक्यच नव्हतं. पण काउंटरवरच्या मुलानं कार्ड स्कॅन न करता टॉवेल थेट पेटीत टाकला. टॉवेल देताना कार्डावर नोंद झाल्याचं बघूनच हला. दिवस आणि वेळ सांगितल्यावर गेस्ट सर्व्हिसनं रक्कम वजा केली, वाद घातला नाही.

आईनं रकमेचे रुपये विचारले. एका टॉवेलला २,१७५ म्हटल्यावर म्हणाली, “एवढ्यात आपल्याकडं अख्ख्या घराला टॉवेल आणि वर एक चादर येती रं.”

सिंगापूरला उतरताना माझ्या कार्डातून गेले ७.११ डॉलर.