मालिशीला खोबरेल की तिळाचं तेल?

रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यात खोबरेल अंगाला हलकं वाटतं. साधारण २४ अंशांखाली मात्र ते थिजतं, मग बाटली गरम पाण्यात ठेवा. इथल्या थंडीत तिळाचं तेल पातळच राहतं, तरी खोबरेलापेक्षा दाट. सावकाश दाबून चोळायला तेच बरं. जाळी ओढून आखडलेल्या खांद्यांसाठी आमचा कौल त्यालाच. पोटरीला दोन चमचे पुरेत. घोट्याकडून गुडघ्याकडे, पाचेक मिनिटं. जास्त ओतलं की हात नुसता घसरतो, स्नायूवर दाब बसतच नाही. कबड्डीवाल्यांनी दोन्ही तेलं सामन्यानंतरच लावावीत; तेलकट अंगाने मैदानात उतरायला नियमानेच मनाई आहे. ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस काहीच चोळू नका, सूज वाढते.