पेस्ट वॅक्स की सिलिका स्प्रे? गाडीचा रंग घरीच जपणाऱ्यांसाठी

पावसाळ्याआधी गाडीला काहीतरी मारून घेऊ असं ठरवलं की प्रश्न शेवटी दोन वस्तूंवर येऊन थांबतो. कार्नोबा (एक वनस्पतीजन्य मेण) पेस्ट वॅक्सचा चपटा डबा घ्यायचा, की सिलिकावाला (सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक) स्प्रे? दुकानात जाऊन करायचं महागडं सिरॅमिक कोटिंग मी इथे बाजूला ठेवतो, तो हिशेबच वेगळा. ह्या दोन्ही वस्तू मी बरीच वर्षं वापरल्या आहेत, गडद निळ्या छोट्या एसयूव्हीवर आणि घरच्या स्कूटरवर. गाडी पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि धुवायला बोअरचं पाणी. तुमची परिस्थिती याच्याशी जितकी जुळेल तितकं माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेल.

आधी एक गोष्ट, जी दोन्हींना सारखीच लागू आहे. रंग ओरखडलेला असेल तर यातलं काहीही तो दुरुस्त करत नाही. रोज सकाळी धुळीवर सुकं फडकं मारलं जातं अशा सोसायटीत गडद गाडीच्या बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे असणारच. ते घालवायचं काम पॉलिशचं, आणि पॉलिश म्हणजे वरचा क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, घासून थोडा कमी करणं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. दर दिवाळीला रबिंग कंपाउंड घेऊन बसणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. मी पॉलिश क्वचित करतो आणि वरचं संरक्षण वरचेवर लावतो. धुतल्यावर हात फिरवून खरखर लागली तर मध्ये क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले धुळीचे, लोखंडाचे कण ओढून घेणारी मऊ वडी, फिरवायचा. रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्यांना तो जास्त वेळा लागेल. पॅनेल नव्याने रंगवून आणलं असेल तर किमान महिनाभर त्यावर काहीच लावू नका, रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो.

आता चमक. इथे मला पेस्टच पुढे वाटते आणि ते मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर धरणारं मेण. लाल, काळ्या, गडद निळ्या रंगावर ते लावून पुसलं की रंगाला जी खोली येते, ती मला स्प्रेने कधी तितकी दिसलेली नाही. स्प्रेची चमक लख्ख असते पण जरा कोरडी. अर्थात हे माझ्या डोळ्यांचं मत आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर मला दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, आणि आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या गाड्याच जास्त.

मग एवढी सुंदर चमक देणारा डबा माझ्या कपाटात मागे का गेला? काळ्या प्लॅस्टिकमुळे.

हल्लीच्या गाड्यांवर हे खरबरीत, न रंगवलेलं काळं प्लॅस्टिक सगळीकडे असतं. चाकांच्या कमानींभोवती, दारांच्या खाली, बंपरच्या कडेला, रूफ रेलच्या बुडाशी. पेस्ट वॅक्स लावताना पॅड जरा जरी त्यावर घसरला, की मेण त्या दाण्यांत जाऊन बसतं आणि वाळलं की पांढरं दिसतं. ओल्या फडक्याने पुसलं की गेल्यासारखं वाटतं, सुकलं की परत हजर. पावसाळाभर हाच प्रकार चालतो: पाऊस पडला की डाग गायब, ऊन पडलं की पुन्हा पांढऱ्या रेघा. शाम्पू आणि जुना टूथब्रश घेऊन उकिडवं बसून घासावं लागतं. हीच गत डिकीवरच्या अक्षरांच्या फटींची, हेडलाइटच्या कडेची, पेट्रोलच्या झाकणाच्या खाचेची आणि दोन दारांमधल्या जोडाची. तिथे साठलेलं वॅक्स त्या दिवशी दिसतही नाही. दोन दिवसांनी धूळ धरल्यावर दिसतं.

स्कूटरवर तर हे जास्तच जाचतं. कारला निदान मोठी सपाट बॉनेट आणि छत आहे. स्कूटर म्हणजे नुसते जोड, पट्ट्या आणि स्क्रू. रंगवलेला भाग हातभर आणि त्याच्या चारी बाजूंना काळं प्लॅस्टिक.

मास्किंग टेप लावा, असं कोणीही सांगेल, आणि उपाय खरा आहे. टेप नीट लावली तर एक पांढरी रेघ उठत नाही. पण पूर्ण गाडीला टेप चिकटवायची, मग वॅक्स, मग ते धुरकट होईपर्यंत थांबायचं, पुसायचं, टेप काढायची. मुंबई-कोकणाकडच्या दमट हवेत तर ते वाळायलाच वेळ घेतं. रविवारची अख्खी सकाळ जाते. अशा कामाची चालढकल होते. या रविवारी पाहुणे, पुढच्या रविवारी ढग, असं करत वॅक्स उतरून गेलेली गाडी तशीच पाऊस खात उभी राहते. माझ्यासाठी निर्णय इथे झाला. चमक थोडी कमी चालेल, पण रंगावर काहीतरी सतत असायला हवं.

स्प्रेचं काम सोपं आहे. गाडी धुवा, पुसून कोरडी करा, सावलीत उभी करा, बॉनेट हाताला गार लागली पाहिजे. मायक्रोफायबरवर दोन फवारे मारायचे, थेट पॅनेलवर नाही. एका वेळी एक पॅनेल घ्यायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उलटसुलट पुसायचं. काळ्या प्लॅस्टिकवर फडकं गेलं तर बिघडत नाही. उलट ते जरा गडद, नवं दिसतं. अलॉय व्हील आणि हेडलाइटवरही चालतं. पुढच्या काचेवर मात्र मी लावत नाही, वायपर थरथरायला लागतात. आणि स्कूटरची सीट, पाय ठेवायची जागा, टायर, ब्रेकची डिस्क यांच्या जवळपासही हे द्रव जाऊ देऊ नका. निसरडं होतं, आणि तिथे प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

स्प्रेलाही खोड्या आहेत. जास्त मारला किंवा पुसायला उशीर झाला की गडद रंगावर तेलकट इंद्रधनुषी पट्टे राहतात. ते सावलीत दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक पॅनेल झालं की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचा. पट्टा दिसलाच तर त्यावर थोडा ताजा स्प्रे मारून लगेच पुसला की निघतो. आठवडाभर राहू दिला तर चिवट होतो. लावल्यावर निदान रात्रभर पाणी लागू देऊ नये, त्यामुळे मळभ असेल तर तो दिवस सोडा. शिवाय आधी लावलेलं वॅक्स अंगावर असेल तर स्प्रे नीट धरत नाही. पहिल्या खेपेला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून गाडी एकदा पुसून काढावी लागते.

बोअरच्या पाण्याचा त्रास दोन्हींत आहे. टपोरे थेंब बघायला छान वाटतात, पण तेच उन्हात सुकले की क्षारांची पांढरी वर्तुळं राहतात. स्प्रेवर थेंब जास्त उभे राहतात, म्हणून वर्तुळंही थोडी जास्त उठतात असा माझा अनुभव आहे. उपाय एकच: धुतल्यावर गाडी आपोआप सुकू द्यायची नाही. जुन्या वर्तुळांवर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुतलं तर बरीचशी जातात.

टिकण्याबद्दल बाटल्यांवरचे महिने मी धरत नाही. माझ्या गाडीवर ज्येष्ठात लावलेली पेस्ट श्रावणात संपलेली असते, पाणी पसरायला लागतं. स्प्रे नवरात्रापर्यंत तग धरतो, म्हणजे पावसाळा निभावतो. नागपूरच्या आमच्या नातेवाइकांच्या काळ्या गाडीवर मे महिन्यात पेस्टचा टिकाव त्याहूनही कमी दिसला. शुद्ध कार्नोबा साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं, पण डब्यात ते मऊ मेणांत आणि सॉल्व्हंटमध्ये मिसळलेलं असतं. तिकडच्या उन्हात काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथे त्याचं काय होत असेल याची कल्पना करता येते. कबुतरांच्या विष्ठेपासून मात्र दोन्ही थोडा वेळच वाचवतात. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या पत्र्यावर दुपारभर राहिली तर रंगात उतरतेच. डिकीत पाण्याची बाटली आणि एक फडकं ठेवणं हे कुठल्याही डब्यापेक्षा उपयोगी आहे.

दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, नारळाचं पाणी उडतं. रंगावर थर असेल तर कुंकू दुसऱ्या दिवशी पाण्याने निघून जातं आणि याबाबतीत दोन्ही पसंत आहेत. हळदीचा पिवळा डाग राहिला तरी घासू नका, उन्हाने तो आपणच फिका होतो.

पैशाच्या बाजूने पेस्ट स्वस्त पडते. एका गाडीला डबा वर्षानुवर्षं पुरतो, स्प्रेची बाटली त्या मानाने लवकर रिकामी होते. तुमची गाडी जुनी, काळी प्लॅस्टिकची पट्टी नसलेली, लाल किंवा काळ्या रंगाची आणि बंद गॅरेजमध्ये राहणारी असेल, आणि वॅक्स घोटत बसण्यात तुम्हाला खरोखर आनंद वाटत असेल, तर पेस्टच घ्या. मी आग्रह धरणार नाही. बाकी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, कडेला काळ्या प्लॅस्टिकच्या रोजच्या गाडीला आणि कुठल्याही स्कूटरला मी स्प्रेच सुचवेन. आधी छोटी बाटली घ्या, डिकीच्या दारावर लावून एका पावसात कसं वाटतं ते पाहा.

घरात पेस्टचा डबा आधीच असेल तर टाकू नका. सणासुदीला किंवा लग्नकार्याला गाडी न्यायची असेल तेव्हा स्प्रेवर एक दिवस जाऊ देऊन फक्त बॉनेट आणि छतावर पेस्टचा पातळ हात मारता येतो, खोली छान येते. क्रम तेवढा उलटा करू नका. आणि प्लॅस्टिकपासून चार बोटं लांबच थांबा.